भाकरी देणाऱ्याचे नाव

"पाळलेलं आहे का?" मी विचारलं.

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"मग मालक कोण याचा?"

"मालक कोनीच न्हाई, सायेब. गल्लीत राहतंय."

मी पेन खाली ठेवलं. रजिस्टरमधला पहिलाच रकाना 'मालकाचे नाव' असा होता आणि दुसरा मालकाच्या मोबाइल नंबरचा. बाईंच्या हातात जुन्या साडीचा फाडलेला काठ होता. काठाच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. तपकिरी रंग, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. टेबलाखाली बर्फाचा डबा होता, तो हुंगत निवांत उभा होता. गुरगुरणं नाही, ओढाताण नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकं शहाणं कुत्रं टेबलापाशी क्वचित आलं असेल.

मी पशुवैद्यकीय अधिकारी आहे. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि वर्षातून एकदा कुत्री, असं आमचं काम. हे शिबिर गेवराई तालुक्यातल्या एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तलवाड्याहून फार लांब नाही, एवढं पुरे. चूक गावाची नव्हती.

रेबीजच्या लसीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिबिरात आमच्याकडे दहा डोसची बाटली येते, कारण ती स्वस्त पडते. तिच्या रबरी बुचातून एकदा सुई आत गेली की ती बाटली त्याच दिवशी संपवायची. उरलं ते टाकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी ते वापरायचं नाही.

आजूबाजूच्या गावांतली पाळलेली कुत्रीही त्या दिवशी आली होती. बाई आल्या तेव्हा टेबलावर तिसरी बाटली उघडलेली होती. चार डोस गेले होते.

आमचे ड्रेसर गफूरभाई माझ्या कानाशी आले. ड्रेसर म्हणजे दवाखान्यातली मलमपट्टी करणारा, जनावर धरणारा माणूस. गफूरभाई उमापूरचे. आयुष्य जनावरं धरण्यात गेलं. हळूच म्हणाले, "साब, टोचून टाकू का? गरीब हाय बिचारं."

"नाव कुणाचं लिहू?"

"माझं लिहा."

मी हसलो. "तुम्ही उमापूरचे, कुत्रं इथलं. तपासणीत काय सांगू?" मग बाईंकडे वळून म्हणालो, "बाई, हे शिबिर पाळीव कुत्र्यांसाठी आहे. मोकाट कुत्री ग्रामपंचायतीकडे असतात. तिकडं सांगा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर मी कदाचित लस दिली असती. त्या वळल्या, आणि कुत्रा त्यांच्या मागं दोरी ढिली ठेवून चालत गेला.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण लिहायचं ठरवलं आहे तर सगळंच लिहायला हवं. त्याच सकाळी एका व्यापाऱ्याचा लॅब्राडोर गाडीतून आला होता. घेऊन आलेल्या ड्रायव्हरला मालकाचा नंबर माहीत नव्हता. "राहू द्या, नंतर भरू," असं मीच म्हणालो होतो. तो रकाना आजही कोरा आहे.

पाच वाजता शिबिर आवरलं. बाटलीत सहा डोस उरले होते. मी ती दवाखान्यामागच्या खड्ड्यात टाकली आणि वर चुना पसरला. नियमाप्रमाणे.

महिन्याच्या मीटिंगमध्ये आमचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या शिबिराचा एका डोसमागचा खर्च बघा किती कमी आलाय. बाकीच्यांनी शिका." एक टेबल, एक गाडी, एक दिवस. लोक कुत्री घेऊन येतात, आपण टोचतो. खर्च कमी येणारच. मी खूश होतो.

सात-आठ महिन्यांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा फोन आला. त्या गावातला किसन नावाचा मजूर वारला होता. दोन दिवस पाणी गिळता येत नव्हतं, मग पाणी बघूनच घशात आचके यायला लागले. गावातून बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता काही करता येणार नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही. त्याच्याआधी लस घेतली तर वाचतो. या दोन वाक्यांमध्ये सगळा रोग आला.

"त्यांच्या गल्लीतलं कुत्रं होतं म्हणतात," आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले. "कपाळावर पांढरा ठिपका. टिकल्या नाव. तुमच्या शिबिरात त्याला लस दिली होती का?"

"रजिस्टर बघून सांगतो," मी म्हणालो.

बघायची गरज नव्हती. तरी मी उठून कपाट उघडलं, पानं उलटली, आणि फोन करून सांगितलं, "नोंद नाही."

वाक्य खरं होतं. मी खोटं बोललो होतो.

पुढचे दिवस मी नेहमीसारखा कामाला जात होतो. म्हशीची अडकलेली वार काढताना, शेळ्यांना जंताचं औषध पाजताना डोळ्यांसमोर तो साडीचा काठ यायचा. घरी कुणाला बोललो नाही. गफूरभाईंनाही नाही. ते शेजारीच उभे होते त्या दिवशी, त्यांना सांगायचं काय.

मग जिल्ह्यातून पत्र आलं. त्या गावात आणि आजूबाजूला रेबीजचा बंदोबस्त कसा करणार, पर्याय द्या, आणि प्रत्येक पर्यायाला एका कुत्र्यामागे किती खर्च येईल ते काढा.

पर्याय कागदावर सोपे होते. एक, पुन्हा शिबिर. डोसमागे सगळ्यात स्वस्त. दोन, बाहेरून जाळीवाली गाडी आणि चार माणसं बोलवायची, गल्लीगल्लीत कुत्री पकडून टोचायची. लसीला जेवढे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट डिझेल आणि मजुरीत जातात. शिवाय पहिल्या दिवशी चार कुत्री जाळ्यात अडकली की दुसऱ्या दिवशी बाकीची गाडीचा आवाज ऐकूनच शेतात पळतात. आणि तिसरा पर्याय गावातली काही माणसं उघड बोलत होती, तो म्हणजे विष. तो गुन्हा आहे. त्यानं रोगही थांबत नाही. गल्ली रिकामी झाली की बाहेरची कुत्री येऊन राहतात, आणि ती कुणाच्याच ओळखीची नसतात.

रेबीज थांबवायचा तर गावातल्या दहातल्या सात कुत्र्यांना तरी लस द्यावी लागते. मग रोगाला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट उरत नाही. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. पण दहा कुत्री कुठली, हे मोजायचं कुणी?

मी आणि गफूरभाई मोजायला निघालो. घरोघर एकच प्रश्न. "पाळलेलं कुत्रं आहे का?"

"न्हाई."

"तुमच्याकडं?"

"न्हाई बा. आमी कावून पाळावं कुत्रं?"

अख्ख्या गावात नऊ कुत्री निघाली. तीही बंगल्यांची, साखळीला बांधलेली. रस्त्यानं मात्र आमच्या पायांत कुत्री येत होती. गफूरभाई म्हणाले, "साब, गावात आदमी कमी अन् कुत्री जादा दिसायलीत. पन कागदावर नऊच."

असं करत आम्ही सुमनबाईंच्या दारात आलो. सुमनबाई म्हणजे त्या दिवशीच्या बाई, किसनची बायको. मला हे घर लागणार हे सकाळपासून माहीत होतं. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली होती.

त्या दारात तूर पाखडत होत्या. गफूरभाईंनी जय भीम घातला. त्यांनी सूप बाजूला ठेवून जय भीम केला, आम्हाला पाणी दिलं. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मी मान खाली घालून ठरलेला प्रश्न विचारला. "पाळलेलं कुत्रं आहे का?"

"न्हाई."

ओसरीच्या पायरीपासून हातभर अंतरावर दोन कुत्री पसरली होती. एक काळी कुत्री, एक कान फाटलेला लाल कुत्रा.

"मग ही?" मी विचारलं.

"ही दारची हायती."

"दारची म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मी अगदीच सोपी गोष्ट विचारली. "म्हंजे दारात असत्यात. भाकर दिली की खात्यात, रातच्याला जागत्यात. पाळलेलं म्हंजे इकत आनलेलं. साखळीचं. ते आमाला कुटलं."

सकाळपासून आम्ही अख्ख्या गावाला चुकीचा शब्द विचारत होतो. आणि वर्षापूर्वी टेबलावर बसून मी याच बाईला हाच शब्द विचारला होता. त्यांनी खरं उत्तर दिलं होतं.

"भाकरी कोण देतं यांना?" गफूरभाईंनी विचारलं.

बाईंनी आधी शेजारच्या घराकडं बघितलं, मग आवाज खाली आणला. "आता दारात न्हाई देत. दिराला चालत न्हाई. हापशावर जाते तवा पदरात नेते, तितं टाकते. पन बसायला हितंच येत्यात. त्यांना काय सांगावं."

"दीर काय म्हणतो?"

"म्हनतो, तुज्या कुत्र्यानं माज्या भावाला खाल्लं." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. "खोटं बी न्हाई त्यो. मीच म्हनले त्यांना. टिकल्या दोन दिवस खात नव्हता. जबडा लोंबायला लागलता, लाळ गळत हुती. आवाज बी बसलता. मी म्हनले, ह्याच्या नरड्यात हाड अडकलंय वाटतं, बगा की जरा. त्यांनी हात घातला तोंडात. चावला न्हाई हो त्यो. नुस्ता दात घासला बोटाला. दुसऱ्या दिशी टिकल्या मेला. आमी म्हनलो, हाडानंच मेला."

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लोकांना धावत सुटलेलं, दिसेल त्याला चावणारं कुत्रं आठवतं. रेबीजचा दुसरा प्रकार गप्प असतो. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. तोंड उघडं राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला हुबेहूब वाटतं की घशात काहीतरी अडकलंय. जो माणूस त्या कुत्र्यावर माया करतो, तोच तोंडात हात घालतो. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. गावात हे कुणी सांगितलं होतं का? ते सांगणं माझ्याच विभागाचं काम होतं.

लाळ, ओरखडा, दात घासणं, काहीही झालं तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखान्यात जायचं. घरचं कुत्रं असलं तरी. घरचं असलं तर जास्तच, कारण तिथंच माणूस जायचा कंटाळा करतो. इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. किसनला हे माहीत असतं तर तो आज असता.

हे सगळं माझ्या मनात चाललं होतं. मी यादीत 'सुमन किसन' लिहिलं, त्यापुढं 'दोन' लिहिलं, आणि उठलो.

गावाबाहेर जीपपाशी येऊन गफूरभाई म्हणाले, "साब, तुमी सांगितलं न्हाई."

"काय?"

"ते."

मी किल्ली शोधत राहिलो. ती हातातच होती.

"ती बाई सगळा गुन्हा एकटीच्या डोक्यावर घिऊन बसलीय," गफूरभाई म्हणाले. "त्यातला बराच तुमचा हाय. थोडा माझा बी हाय. मी जोर करून टोचायला पायजे हुतं. पन माझी सही चालत न्हाई, तुमची चालती."

त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. इतक्या वर्षांत ते मला असं एकदाही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. सुमनबाई हापशावर होत्या. घागर भरेपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. तुम्ही साडीचा काठ बांधून टिकल्याला आणलं होतं. मी परत पाठवलं. बाटली उघडलेली होती. संध्याकाळी उरलेली लस मी खड्ड्यात टाकली. ती त्याला दिली असती तर तो बहुतेक पिसाळला नसता. तुम्ही हाड बघा म्हणालात ही चूक नव्हती, कुणीही तेच म्हणालं असतं. चूक त्याच्याआधी झाली होती, आणि ती माझी होती.

हापशाचा दांडा त्यांच्या हातात तसाच राहिला. "मी वळखलं हुतं तुमाला काल," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "किती उरलती लस?"

"सहा डोस."

"सहा," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत पाचच हुती तवा. टिकल्या धरून."

काळी कुत्री येऊन त्यांच्या पायापाशी बसली. त्यांनी पदरातली भाकरी काढली, अर्धी तिला टाकली, अर्धी हातात ठेवली.

"सायेब, शुक्रवारी ग्रामसभा हाय. कुत्र्यांचाच इषय हाय. हे तितं बोलाल का? माज्या दिरासमोर?"

मी हो म्हणालो. म्हणताना मला लेखी खुलासा, चौकशी, पुढच्या बढतीची यादी, सगळं दिसलं. तरी हो म्हणालो. घागर उचलायला लागलो तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय."

ग्रामसभा ग्रामपंचायतीसमोरच्या पत्र्याखाली होती. सरपंचांनी विषय मांडला आणि सुमनबाईंचा दीर नामदेव उठला. किसनचा धाकटा भाऊ. भावाचा चेहरा मी पाहिला नव्हता, पण रडून सुजलेले डोळे महिनोन्‌महिने तसेच राहू शकतात हे त्याच्याकडं बघून कळलं.

"समदी कुत्री खलास करा," तो म्हणाला. "अन् जी बाई त्यांना भाकर टाकंल तिला दंड लावा. पयला आमच्या घरापासून लावा."

बायकांत सुमनबाई मागच्या ओळीत होत्या. कुणी मागं वळून बघितलं, कुणी मुद्दाम बघितलं नाही. पंचायतीचा शिपाई दंडाचं लिहून घ्यायला वही उघडत होता.

मी उठलो. हापशावर जे बोललो तेच बोललो, त्याच क्रमानं. लॅब्राडोरचंही सांगितलं. ते तिथं सांगायची गरज नव्हती, पण ते न सांगता बाकीचं सांगणं मला जमलं नसतं.

नामदेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मग तुला कावून सोडावं बे आमी?"

सरपंच म्हणाले, "नामदेव, सायेब हायती ते."

"सोडू नका," मी म्हणालो. "तक्रार लिहा. मी खाली सही करतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मारील असं वाटलं. मग त्यानं विचारलं ते वेगळंच होतं. "वैनी आलती? सोताहून? कुत्रं घिऊन?"

"आल्या होत्या. साडीच्या काठानं बांधून."

"तिनं मला कंदी सांगितलं न्हाई."

मागच्या ओळीतून सुमनबाई म्हणाल्या, "तुमी इचारलं का?"

नामदेव खाली बसला. शिपायानं वही मिटली.

मग मी कामाचं बोललो. मारून उपयोग नाही ते सांगितलं, जाळीवाल्या गाडीचं सांगितलं. गावात जाळी नको, ज्यांच्या हातची भाकरी कुत्री खातात ती माणसं मला हवीत, असं म्हणालो. "गुरुवारी सकाळी ज्यांच्या दारात कुत्रं बसतं त्यांनी फक्त त्याला धरायचं. टोचायचं काम आमचं. मालक कोण ते मी विचारणार नाही. ओरबाडलं तर तिथंच साबण-पाणी, आणि आरोग्य केंद्राची बाई बरोबर असेल."

एक म्हातारे म्हणाले, "आमच्या दारची तीन हायती, पन धरू देत न्हाईत. सूनबाईला देत्यात, मला चावत्यात."

"मग सूनबाईंना पाठवा," गफूरभाई म्हणाले. "कुत्र्याला अक्कल हाय."

त्या सभेतलं ते पहिलं हसू.

सभेनंतर आम्ही घरोघर नवा प्रश्न विचारून पुन्हा मोजलं. मग मी साहेबांना दोन कागद पाठवले. एक माझा जबाब, दुसरा नवा आराखडा. जबाब वाचून त्यांनी फोन केला. "डॉक्टर, हे कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही साहेब."

"मग लिहिलं कशाला? आता मला पुढं पाठवावं लागेल."

"पाठवा."

त्यांनी उसासा टाकला. "आणि हे रजिस्टर काय आहे? 'भाकरी देणाऱ्याचे नाव'? असा रकाना नाही आपल्याकडं."

"मालकाचे नाव विचारलं तर गावात नऊ कुत्री आहेत साहेब. भाकरी कोण देतं विचारलं तर सत्याऐंशी."

पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला. "खर्च किती धरलाय?"

लस तेवढीच, सुया तेवढ्याच. गल्लीगल्लीत फिरायचं म्हणून आमचे तीन दिवस, टेबल मांडलं असतं तर एक. म्हणजे डोसमागे शिबिरापेक्षा महाग. जाळीवाल्या गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त, कारण पकडायचा खर्च शून्य. पण मला साहेबांना वेगळंच सांगायचं होतं, आणि ते मला कळायला एक माणूस जावा लागला. खर्चाला डोसांनी भागून काही कळत नाही. माझं ते स्वस्त शिबिर साखळीच्या कुत्र्यांचं होतं, आणि साखळीची कुत्री रोग फारसा पसरवत नाहीत. त्या पैशात गाव काही वाचलं नाही. एका माणसाला कुत्रं चावलं की त्याची इंजेक्शनं, जखम मोठी असेल तर तिच्यात भरायचं महागडं सीरम, बीडच्या खेपा, बुडालेली मजुरी, याच्यात अख्ख्या गल्लीच्या कुत्र्यांची लस निघते. आणि ज्याला इंजेक्शन मिळत नाही त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा ते मला अजून समजलेलं नाही.

"करा," साहेब म्हणाले. "रकाना पेननं आखा. छापील बदलायला वेळ लागेल."

गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सुमनबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात भाकरीचं फडकं. त्यांच्या शेजारी नामदेव, हातात बादली आणि साबण. तो माझ्याशी बोलला नाही. आजही फारसा बोलत नाही. पण बादली त्यानं दिवसभर खाली ठेवली नाही.

"यू यू यू," सुमनबाईंनी हाक दिली, आणि दोन बोळांतून कुत्री आली. त्या खाली बसल्या, काळीचं डोकं मांडीत घेतलं, डोळ्यांवर पदर धरला. गफूरभाईंनी मागून कातडी चिमटीत उचलली, मी सुई घातली. कुत्रीनं चावणं बंद केलं नाही. भाकरी चावत होती.

गल्ली गल्ली तसंच झालं. एका दारात सून, दुसऱ्या दारात शाळेचे निवृत्त शिपाई, मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात तिथला मिस्त्री, ज्याच्या ऑइलनं माखलेल्या हातूनच एक कुत्रं खात होतं. दोन ओरखडे झाले, दोन्ही तिथंच धुतले आणि आरोग्य केंद्रात गेले. काही कुत्री कुणाच्याच हाती आली नाहीत. पण तिसऱ्या दिवशी मोजलं तेव्हा दहातल्या सातांच्या पुढं गेलो होतो.

लस दिलेलं कुत्रं पुन्हा टोचलं जाऊ नये म्हणून त्याच्यावर रंगाची खूण करतात. गफूरभाईंकडं मेंढ्यांवर लावायचा निळा रंग होता. पाठीवर लावला तर कुत्रं लोळून पुसतं, म्हणून ते कपाळावर बोट टेकवायचे. शेवटच्या दिवशी दुपारी सुमनबाईंच्या ओसरीवर आम्ही चहा प्यायला बसलो. गल्लीतली कुत्री समोर सावलीत पसरली होती, प्रत्येकाच्या कपाळावर निळा ठिपका.

सुमनबाईंनी कप खाली ठेवला. "बगा तरी," त्या म्हणाल्या. "आता समदीच टिकल्या दिसायलीत."

त्या हसल्या. मग पदर डोळ्याला लावला. गफूरभाई उगाच आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले. मी चहा संपवला, तो गार झाला होता.

माझ्यावर मेमो आला, मी उत्तर दिलं, एक वेतनवाढ थांबली. ते बरोबरच होतं. त्या गावात लस दरवर्षी होते, आता आजूबाजूच्या गावांतही तशीच. गफूरभाई निवृत्त झाले. तरी लसीच्या दिवसांत उमापूरहून एसटीनं येतात आणि नव्या ड्रेसरच्या चुका काढतात. शेवटच्या बाटलीत दोन-तीन डोस उरले तर ते स्वतः डबा उचलून बसस्टँडकडं, बाजाराकडं निघतात. बाटली रिकामी होईपर्यंत आम्ही आवरत नाही.

यंदा छापील रजिस्टर आलं. पहिला रकाना अजूनही 'मालकाचे नाव' असाच आहे. मी पट्टी घेतो, त्यावर रेघ मारतो आणि वर पेननं लिहितो. याला खर्च काही येत नाही. मला ते आधीच करता आलं असतं.